आत्याच्या रिटर्नवर माझं नाव

टोलेडो, ओहायो
३ एप्रिल

प्रिय बाबा,

नमस्कार. डेट्रॉइटला तुम्ही मजेत असाल. इथे मी आणि अर्नेस्टीन आत्या ठीक आहोत. तिचा गुडघा कुरकुरतो, तरी शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी ती सोडत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघींनी आयकराची रिटर्न भरली. शिष्यवृत्तीतल्या राहण्या-जेवणाच्या भागावर मला कर बसला, तो मी मुकाट्याने भरला. आत्याने दरवर्षीसारखं मला तिच्यावर अवलंबून म्हणून दाखवलं, तर तिचं ऑनलाइन भरलेलं रिटर्न परत आलं. माझं नाव आधीच कोणीतरी आपल्या रिटर्नवर लावलं होतं.

ते तुम्ही असणार हे लक्षात आलं तेव्हा, खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. म्हटलं, बाबांना माझी आठवण आहे तर. याची मला अजून लाज वाटते.

मग फोन केला. तुम्ही म्हणालात, "अगं, तुला शिष्यवृत्ती पोसतेय. अर्नेस्टीनचा काय संबंध? बाप मी आहे ना?"

बाबा, नियम मी वाचलाय. कोण पोसतं हे ठरवताना शिष्यवृत्ती धरतच नाहीत. कॉलेजच्या वसतिगृहातले महिने घरी राहिल्यासारखेच मोजतात. प्रश्न एवढाच, की घर कोणाचं? आई गेल्यावर "थोड्या दिवसांसाठी" तुम्ही मला इथे सोडलंत, तेव्हा मी चौथीत होते. यंदा फ्लू झाला तेव्हा बर्फातून गाडी हाकत मला न्यायला कोण आलं? तुमच्या घरात माझा टूथब्रशसुद्धा नाही.

आत्या म्हणते, "जाऊ दे गं, भाऊ आहे माझा. लावू दे नाव." करातली सवलत बुडाली तरी तिला चालेल. मला चालणार नाही. मी तिच्या हातात पेन दिलं, सही घेतली आणि रिटर्न पोस्टाने पाठवलं.

करखातं आता दोघांकडे पुरावा मागेल. मी चर्चच्या पाळकांकडे पत्र मागायला गेले, तर ते म्हणाले, "तू कोणाकडे राहतेस हेही लिहून द्यायचं? अख्ख्या गल्लीला माहितीय की!" तरी दिलं लिहून. तुम्ही कोणाकडून आणणार?

तेव्हा आपण होऊन रिटर्न दुरुस्त करा. नाहीतर भांडा, पण माझ्याशी. आत्याला फोन करून गळा काढायचा नाही. ती विरघळते, मी नाही.

एवढंच लिहायचं होतं.

आता आत्याचीच मुलगी, म्हणजे तुमची भाची,
रोझलिन