फोटोपुरती परवानगी

१० नोव्हेंबर, सोमवार

अवधूत कोटात! सकाळी सकाळी पेन्शनरांच्या ग्रुपवर फोटो. काळा सूट, लाल टाय, मागे परदेशातली काचेची इमारत. ज्याने ऑफिसात कधी शर्टाची वरची दोन बटणं लावली नाहीत, तो! विचारलं तर म्हणे एआय. नातवाने करून दिलं. फोटो द्यायचा, कोट घाल म्हणायचं, की झालं.

पण नातवाने दिला पूजेला बसलेला उघडाबंब फोटो. मशीनला बिचाऱ्याला जानवं कुठे माहीत? त्याने कोट चढवला आणि जानवं तसंच ठेवलं — कोटावरून! खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरा पट्टा. कोणी लिहिलं 'कमांडर साहेब', कोणी सलाम ठोकला. मी फोन करून चूक दाखवली तर माझ्यावरच उलटला, "कायले जळतं बे सदाशिव?"

संध्याकाळपर्यंत अर्धा ग्रुप कोटात. हयातभर टेबलाखाली चपला काढून बसलेली माणसं आता टायशिवाय दिसेनात. हसून हसून पोट दुखलं.

शीलाला दाखवलं. ती मेथी निवडत होती. फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आता खरं काय नि खोटं काय, कोणाला कळायचंच नाही?"

आंधळ्यांना नाही कळायचं, म्हटलं. मला कळतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मीही करून घेतला. गंमत म्हणून. मितालीने पुण्याहून पाठवला. काही झालं तरी लेक कामाची. बंद गळ्याचा कोट, गडद निळा. पोटही गेलं! खरं सांगायचं तर नोकरीभर मला असंच दिसायचं होतं. डीपी ठेवला. अवधूतच्या कोटात आणि माझ्या कोटात फरक आहे. मला शोभतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

डोकं भणाणलं!

कॉलनीच्या ग्रुपवर नंदाबाईंनी फोटो टाकला. या वळणावरच्या घरातल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी बाईंचा वर्ग सुटलेला नाही. कॉलनीतल्या सगळ्या बायकांना रोज सकाळी लोहारा गावाकडच्या मैदानावर फिरायला नेतात. फोटोत कडुनिंबाखाली पाचसहा बायका आणि मधोमध आमची शीला. पिवळ्या पंजाबी ड्रेसमध्ये! पायात बूट. ओढणी कमरेला बांधलेली. आणि तोंड उघडून हसतेय.

आमच्या घरात पंजाबी ड्रेस चालत नाही. मितालीला चालला, ती लेक. सुनेला नाही. हा आईचा नियम. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, नियम आहे तिथेच आहे. मला कधी आवाज चढवावा लागला नाही. शीला फिरायला जाते तीही साडी नेसून, वर स्वेटर. मी रोज दारातून पाहतो.

हाक मारली. कणकेचे हात घेऊनच आली. फोन समोर धरला.

"अहो, एआय आहे ते! नंदाताई पण नं... तुमच्या कोटासारखंच."

आणि आत गेली. आत काहीतरी पडल्याचा ठणकन आवाज आला.

हुश्श! मग माझं मलाच हसू आलं. इतका मुरलेला माणूस मी, फसलोच होतो की! फोटो मोठा करून तपासला. चुकाच चुका! ओढणीला अशी गाठ कोणी मारतं? सावली भलतीकडेच. आणि मुख्य म्हणजे ते हसू. इतकी वर्षं संसार केलाय, शीला अशी हसत नाही. तिच्या दाढा मी आजवर पाहिलेल्या नाहीत. मशीन कपडे करील, माणूस कुठून करणार? कॉलनीच्या ग्रुपवर तसं सविस्तर लिहिलं. नंदाबाईंनी अंगठा दिला. वर हात जोडले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कट्ट्यावर मी आता तज्ज्ञ! खोटा फोटो कसा ओळखावा, यावर उभ्या उभ्या व्याख्यान झालं. उदाहरणादाखल शीलाचाच फोटो फिरवला. अवधूत बराच वेळ पाहत होता. म्हणतो, "खोटं असो का खरं, वहिनी लय खुश दिसून राह्यल्या बे."

शिकवून उपयोग नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा! आज जीन्स आणि चौकटीचा शर्ट. नंदाबाईंना दुसरा उद्योग नाही.

शीला शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बायकांचा खेळ चाललाय नुसता. बंद करा म्हणून सांगू का?"

मी काय राक्षस आहे? म्हटलं, फोटोत काय घालायचं ते घाल. जीन्स घाल, मडमेचा फ्रॉक घाल, पोलिसाची वर्दी घाल. फोटोपुरती माझी परवानगी आहे.

"बरं," म्हणाली.

काळाबरोबर चालावं माणसाने. आमचे वडील असते तर फोन विहिरीत गेला असता.

३० नोव्हेंबर, रविवार

बायकांची सहल. कळंबला, चिंतामणीच्या दर्शनाला. शीला उजाडायच्या आत गेली, भलीमोठी पिशवी घेऊन. एवढं काय त्यात? तर म्हणे पूजेचं सामान. देव आहे का वऱ्हाड!

दिवेलागणीला परत आली. केसांत धूळ, नाक उन्हाने लालबुंद. गाडीच्या खिडकीत बसली असेल. भाकरी नेहमीपेक्षा जास्त खाल्ली. प्रसाद मात्र आणायला विसरली!

त्याआधी दुपारीच कॉलनीच्या ग्रुपवर फोटो येऊन पडला होता. टिपेश्वरचं जंगल, उघडी जिप्सी, आणि तीत उभी आमची शीला. डोक्यावर टोपी, अंगात तीच जीन्स. अवधूतही कॉलनीतलाच, त्याचा लगेच फोन, "काबे, वहिनी टिपेश्वरले गेल्या अन् तुले नाही नेलं?" त्याला म्हटलं, बाबा रे, देवळासमोर काढलेला फोटो असणार, मशीनने मागे जंगल लावलं. वाघ टाकायला विसरले तेवढं!

जेवताना शीलालाही हाच विनोद सांगितला. तिचं लक्ष ताटात. म्हणाली, "वाघ नाहीच दिसला हो. पावलं दिसली फक्त."

मी घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

"फोटोत," ती म्हणाली. "फोटोत दिसतात पावलं."

नंतर मोठा करून पाहिला. मला नाही दिसली.

४ डिसेंबर, गुरुवार

लग्नाचा वाढदिवस. मुद्दाम स्टुडिओत गेलो. शीला पैठणीत. मी साध्या शर्टात — कोट मशीन घालेलच. फोटोवाला "काकू, थोडं हसा नं, अजून थोडं" करून थकला. ही आपली रेशनकार्डावरच्या फोटोसारखी. बाहेर आल्यावर विचारलं, एक दिवस हसायला काय झालं होतं? म्हणाली, "येत नाही हो सांगून."

घरी येऊन फोटो मितालीला पाठवला. लिहिलं, मला कोट घाल आणि आईला हसू लाव. त्या पिवळ्या ड्रेसच्या फोटोतलं, तसंच लाव. ते तिला छान दिसतं.

तिचा फोन आला.

"बाबा, कोट घालते. हसू नाही लावणार."

का? मशीनला जमत नाही?

"मशीनला जमतं. मी नाही लावणार."

आणि ठेवला फोन! पुण्याला गेल्यापासून फार शेफारली आहे. मला काय, अवधूतच्या नातवाकडून करून घेईन. तो गळ्यात जानवं घालील, पण हसू लावील.

५ डिसेंबर, शुक्रवार

अवधूतच्या नातवाने लावलं हसू. पाहिलं. दात पांढरेशुभ्र, गाल वर. चूक काढायला जागा नाही. का कोण जाणे, डिलीट केलं.

७ डिसेंबर, रविवार

शीला फिरायला गेलेली. इस्त्रीवाला शाम गठ्ठा घेऊन दारात. "काकाजी, हे काकूचे कपडे. नेहमी नंदाबाईच्या घरीच देतो, पण तिथी कुलूप हाय, म्हून इकडेच आणले."

गाठ सोडली. पिवळा ड्रेस. चौकटीचा शर्ट. जीन्स, गुडघ्याशी मातीचा डाग अजून न गेलेला. कापड हाताला लागलं.

"कधीपासून देतो रे?"

"दोन वर्सं झाले असतीन जी."

माझ्याकडे दिले होते हे कोणाला बोलू नको, एवढंच त्याला सांगितलं. तो गेला. मग राग आला. गठ्ठा धरून फाटकात उभा राहिलो. येऊ दे आज!

मैदानाकडून बायकांचा आवाज येऊ लागला. त्यात एक हसणं. मोठं, घसा मोकळा सोडलेलं. कोणाचं, ते पटकन ओळखू आलं नाही. ओळखलं, तेव्हा कसंतरीच झालं. मी इथे दिसलो असतो तर ते तिथल्या तिथे थांबलं असतं.

तसाच अनवाणी वळणापर्यंत गेलो, गठ्ठा नंदाबाईंच्या फाटकाला अडकवला आणि घरी येऊन पेपर उघडून बसलो.

थोड्या वेळाने शीला आली. साडी, वर स्वेटर. "चहा ठेवू?"

ठेव म्हटलं.