फौज आवणीला गेली

२० जून १९९८, डोंबिवली
आले: कॉम्प्युटर, जुना, ह्यांच्या कारखान्यातून, नऊ हजार. त्याचं कव्हर, साठ. किल्ल्यांच्या लढाईच्या गेमची सीडी, पन्नास (ही उधळपट्टी ह्यांची). नारळ, सहा. हळदकुंकू वाहिलं. मी यावर फक्त घरखर्च लिहिणार. गेमला हात लावणार नाही.

२१ जून, दुपारी
लावला. सहज बघितला.

२३ जून
गेम करणाऱ्यांना लढाईतलं ओ की ठो कळत नाही. शिपाई जेवत नाहीत. घोडे चारा खात नाहीत. तलवारीने भिंत ठोकली की दगडी किल्ला पेटतो! दगड पेटत नाही, एवढं मॅट्रिकपर्यंत मीसुद्धा शिकलेय. ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, अगं, आधी गॅसवरची भाजी बघ, ती पेटलीय.

२७ जून
खडवलीहून तुळसावन्सं आल्या. दुधाच्या हिशोबाला त्यांना कॉम्प्युटर हवाय. म्हणाल्या, वैनी, तू त नुसती खेलतं, मना दे ना. हे लगेच हो म्हणाले! बहीण ना. मी पैज लावली. दसऱ्याला तुमच्यादेखत शत्रूचा किल्ला घेते. घेतला तर कॉम्प्युटर इथेच राहील. हरले तर खुशाल न्या.
हरायचा प्रश्नच नाही.

२ जुलै
चाळीस शिपाई तयार. पण आषाढात कोण लढतं? पूर्वी फौजा भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, घरी जात, दसऱ्याला परत निघत. गेमवाल्यांना ठाऊक नाही, म्हणून आपण सोडायचं का? एकेकाला माउसने धरून डिलीट दाबलं. घरी पाठवले. कण्हून आडवे झाले. हे ओरडले, अगं, मेले ते! म्हटलं, लांबचा पल्ला आहे, जरा टेकलेत. थोड्या वेळाने पाहिलं तर जागेवर कुणीच नाही. निघालेच होते ना!

५ जुलै
एकादशी. उपास. गेम आहे तसा सेव्ह करून कॉम्प्युटरवर कव्हर घातलं. आता थेट दसऱ्याला.

१८ ऑगस्ट
हे म्हणतात, गेममध्ये सोनं पडून आहे, नवे शिपाई कर. घरचे चाळीस असताना बाहेरून माणसं कशाला? ते परत आले की त्यांना काय सांगू?

३० सप्टेंबर
हे म्हणाले, निदान दहा तरी कर गं. नको म्हटलं. उद्या येतील.

१ ऑक्टोबर, दसरा
माउसची पूजा केली. झेंडूचं फूल वाहिलं. वन्सं टेम्पो घेऊनच आल्या. सोनं दिलं-घेतलं. गेम लावला. कुणी आलेलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, वैनी, तुजी फौज कुठं गेली? म्हटलं, वाटेत असेल. तेवढ्यात शत्रूचे पाच घोडेस्वार आले आणि तलवारीने भिंत ठोकू लागले.
दगड पेटला.
हे लगेच वायरी सोडवायला बसले. त्याचाच जास्त राग आला.
कॉम्प्युटर टेम्पोत चढला. कव्हर मी ठेवून घेतलं. पैजेत कव्हर नव्हतं.

४ ऑक्टोबर
हिशोबात कापणी धरायचीच राहिली होती! भात अजून शेतात उभं आहे. कोण निघेल? वन्संना कार्ड टाकलं, त्याची नक्कल: "कापणी उरकली की चाळीसजण तुमच्याकडच्या कॉम्प्युटरवर पोचतील. बसवून घ्यावे, दुधाच्या कामाला जुंपू नये. आल्याचे उलट टपाली कळवावे."