काठोकाठ कढई

ती. झिबाशताई,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे अल्दाबेर्गेन मास्तराचा, सलाम. माणसं, गुरंढोरं कुशल ना? मेंढ्या व्यायला लागल्या असतील. तुमचे गुडघे कसे आहेत? (कुल्यान गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला याच गुडघ्यांवर तुम्ही पंगतीतून तरातरा निघून गेलात, त्यावरून बरे असावेत.) त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. मेलेल्याच्या नावाने घोडा कापायचा आणि जिवंतांनी ढेकर द्यायचे, ही रीत मोडली पाहिजे, असं मी तिथे उभं राहून म्हणालो आणि आजही म्हणतो. (तेव्हा सगळ्यांच्या तोंडात घास होता, हे खरं.)

तर यंदाचा नव्या वर्षाचा सण, नौरीझ. शेजारीण शार्बान म्हणाली, "मास्तर, तुम्ही गप बसा. कोझेचं वाडगं मी आणून देते." ज्याने जन्मभर वर्गात स्वावलंबन शिकवलं, त्याने सणाचं सार दुसऱ्याच्या चुलीवरचं प्यावं? अंगणातल्या बर्फाच्या चिखलात मी स्वतः चूल पेटवली. पाणी, मीठ, चरबी, पीठ, वरीचे दाणे आणि हिवाळ्याच्या तोंडाशी कुल्यानने मीठ लावून टांगलेला घोड्याच्या मांसाचा शेवटचा तुकडा, असे सातांतले सहा जिन्नस पडले. सातवं दही शेवटी घालायचं होतं. तेवढ्यात कुंपणापाशी चार माणसं जमली. मी त्यांना दिवस-रात्र समान होण्याचा अर्थ, आणि त्यावरून माणसामाणसांतली समानता, समजावून सांगितली. वळून पाहतो तो सार आटून कढईच्या बुडाशी गेलेलं.

नौरीझच्या दिवशी भांडं काठोकाठ भरलेलं नसेल तर वर्ष रिकामं जातं म्हणतात. मी असल्या समजुतींविरुद्ध तीस वर्षं बोललो. पण घरात आधीच इतकं रिकामं आहे, की यंदा मला भीती वाटली. पाणी ओतलं, आणि उकळत्या कढईत दह्याचं अख्खं मडकं उपडं केलं. दूध फाटावं तसं सगळं फाटलं.

सणाचं कोझे कुणाला नाकारता येत नाही, म्हणून बिचारे शेजारी प्यायले. ओशाकबाय आजोबांनी डोळे मिटून आशीर्वाद दिला, "पुढचं वर्ष याच्यापेक्षा गोड जावो." शार्बानने वाडगं खाली ठेवलं. "मास्तर, हे तुमच्या भाषणासारखं झालंय. संपतही नाही, गिळवतही नाही." सगळे हसले. मीही हसलो. मग सगळे आपापल्या घरी गेले.

बाकी इकडे ठीक आहे. काही नको. काळजी नसावी.

आपला,
अल्दाबेर्गेन

ता. क. काल सकाळी दूध विरजायला मडकं उघडलं. विरजणापुरतंही उरलेलं नाही. कुल्यान नवरी होऊन आली तेव्हा तुमच्या आईच्या मडक्यातलं ते घेऊन आली होती, आणि रोज थोडं मागे ठेवायची. तिच्या हातचं घरात जिवंत असं तेवढंच होतं. शार्बानने तिच्याकडचं दिलं. दही लागलं, पण ते शार्बानचं दही आहे. तुमच्या मडक्यात अजून आईचंच असेल ना? एक चमचा पुरेल.

ता. क. दुसरं. कुणाच्या हाती पाठवू नका, वाटेत हिंदकळतं. स्वतः घेऊन या. घोडा कापतो. उभा राहणार नाही, बोलणार नाही. (बसून थोडं बोलेन.)