राखाडी सांधे

रविवार, ४ मे
दिला! तो रेडिओ एन्दाहला दिला!

पाक दार्मोंच्या ओसरीवर दर रविवारी आम्ही जुने रेडिओ उघडून बसतो. हौस, दुसरं काय. मी पहिल्यापासूनची. ही एन्दाह यंदाच्या ईदनंतर उगवली – नखं रंगवलेली, बोलणं गोडगोड, मला मानाने 'बू' म्हणते. आणि आज पाक दार्मोंनी कपाटावरचा लाकडी रेडिओ उतरवला. त्यांची बायको बू कार्ती त्यावर नाटकं ऐकायची. ती गेली तेव्हापासून तो मुका आहे. बोलता करायचा तर मीच, असं मी कधीचं मनात धरलेलं. तो माझ्या नाकासमोरून तिच्या पुढ्यात ठेवला.

मला म्हणाले, "मुर्सिती, तुला पुढच्या वेळी." पुढच्या वेळी म्हणजे? बू कार्ती काय दोन रेडिओ ठेवून गेली?

सोमवार, ५ मे
कारखान्यात दिवसभर कापडावर मेणाची नक्षी काढली. डोक्यात तेच. चांतिंगच्या, म्हणजे मेणाच्या लेखणीच्या, चोचीत मेण अडतं, फुंकते, ओढते, परत फुंकते. पोरवयापासून हेच करतेय, हात आपोआप चालतो. मग त्याच हाताने केलेला सोल्डरचा सांधा असा का? माझे सगळे राखाडी, दाणेदार. एन्दाहचे चकाकतात. मी दुरुस्त केलेला रेडिओ चार दिवस गातो, मग खरखरतो. तिचा नाही खरखरत.

दोष तारेचा असणार. माझी सोल्डरची तार लेकीने आणलेली, बिनशिशाची. प्रकृतीला बरी म्हणे. वितळायलाच रडते मेली. एन्दाहच्या रिळावर त्रेसष्ट-सदतीस लिहिलंय – कथील जास्त, शिसं कमी. पटकन वितळते, पटकन गोठते.

आणि सांध्याला लावायची तिची राळ? माझी! मेणात घालायला घरी असते ती. मीच दिली तिला पहिल्या रविवारी. मूर्ख मी.

रविवार, ११ मे
तीच तार आणली. तेच रीळ. छान वाहिली, सांध्याभोवती नीट पसरली. आणि गोठली ती राखाडी!

पाक दार्मो समोर बसून बघत होते. हाताकडे नाही, माझ्या तोंडाकडे. तोंडात काय आहे? चूक दिसते तर बोलावं माणसाने. एन्दाहला कसं बोलतात – "सोल्डरिंग आयर्नला तार लावू नको. आधी सुट्या भागाचा पाय तापव, तार पायाला लाव, ती आपोआप धावेल." मला कधी अक्षर नाही. शिकवण्याच्या लायकीची समजत नाहीत.

बुधवार, १४ मे
एन्दाहच्या आयर्नचं टोक झडो.

रविवार, १८ मे
आज सगळं नवं करून बघितलं. आयर्नला चपटं टोक. दर सांध्याआधी ओल्या स्पंजवर पुसलं, टोकाला कथील चढवलं. पाय तापवला, मग तार. तरी राखाडी. आयर्न फेकणारच होते.

एन्दाह सरकून जवळ आली. हळूच म्हणाली, "बू, रागावू नका. तुम्ही फुंकता."

"काय फुंकते?"

"सांधा. तार उचलली की तोंड पुढे – फू! तो आत अजून गोठतच असतो. तेवढ्यात हलतो, मग दाणे पडतात. आपला आपण निवू द्या."

मी म्हटलं, आली मोठी शहाणी. पण पुढच्या सांध्याला डाव्या हाताने तोंड दाबून धरलं. चकाकला. त्यात माझं नाक दिसलं.

राग कशाचा आला? तिने सांगितलं याचा. इतके रविवार समोर बसून पाक दार्मोंनी नाही सांगितलं! त्यांच्याकडे बघितलं तर चहा आणतो म्हणून आत गेले. आले ते रिकाम्या हाताने.

गुरुवार, २२ मे
आता कारखान्यात फुंकायचं विसरते. चांतिंगमधून मेणाचा मोठा थेंब कापडावर पडला. मालकीणबाई म्हणाल्या, म्हातारी झालीस का मुर्सिती?

रविवार, २५ मे
एन्दाहने लाकडी रेडिओची पाठ उघडली आणि मला हाक मारली. "बू, इकडे या. हा आधी तुम्ही केला होता का?"

आत सगळे सांधे राखाडी. दाणेदार. हुबेहूब माझे.

पाक दार्मो म्हणाले, "कार्तीने केलेत." ती पण चांतिंगवाली. त्यांनीच तिला शिकवलं, पण तोंडाची सवय काही सुटली नाही. रेडिओ सारखा बंद पडायचा, ती सारखी उघडून बसायची, हे समोर बसायचे.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत?

"जिभेवर यायचं. पण सांगितलं असतं तर तू फुंकायचं थांबवलं असतंस."

"आणि रेडिओ मला का नाही दिलात?"

"तो मला चालू हवा होता, मुर्सिती."

एन्दाह फिस्सकन हसली. मग आयर्न माझ्या हातात दिलं. जुनं सोल्डर वितळवून काढलं, एकेक सांधा नव्याने दिला. फुंकले नाही. रेडिओ बोलला – पोटदुखीच्या औषधाची जाहिरात. पाक दार्मो ऐकत होते, पण बघत होते माझ्या मिटलेल्या तोंडाकडे.

इतके दिवस वाटायचं, बघतात ते मलाच. एन्दाहवरचा राग गेला. आता मेलेल्या बाईवर जळतेय.

रविवार, १ जून
आज एका टाकाऊ सर्किटच्या पाटीवर सांधा दिला. पाक दार्मो समोर होते.
फुंकला.