मेलेला माणूस दलाली खात नाही

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्या, संशयी भावाचा नमस्कार. (संशयी हे विशेषण तूच दिलेलं, मी फक्त वापरतो.) तुझं पत्र पोचलं, पण पाकिटावर डिंकाचे दोन थर होते. एक तुझा, मग दुसरा कोणाचा? पोस्टमनला विचारलं तर तो हसला. मन साफ असलेल्या माणसाला हसायचं कारण काय? गुडघा बरा आहे असं लिहितेस, पण ‘बरा’ खोडून पुन्हा ‘बरा’च लिहिलायस, म्हणजे दुखतोय. भाऊजींचा खोकला गेला हे वाचून आनंद झाला. मात्र खोकला असा आपण होऊन जात नसतो, जरा लक्ष ठेव. इकडे आम्ही दोघं ठीक. ही तर अलीकडे गालातल्या गालात हसत असते. कारण शोधतो आहे.

पार्सलमध्ये नुसती एक किल्ली, ना चिठ्ठी ना चपाटी, हे पाहून तू घाबरलीस असं लिहिलंस, म्हणून हा खुलासा. (चिठ्ठी मुद्दामच घातली नव्हती. किल्ली आणि ती कशाची आहे ही माहिती एकाच टपालाने पाठवायला मी खुळा नाही.)

आपल्या दुकानाचा मालक जागा विकायला निघालाय हे तुला माहीत आहेच. जिथे बसून बाबांनी लोकांच्या तिजोऱ्या दुरुस्त केल्या, तिथेच मी बसतो. पहिला हक्क माझा, हे मालकालाही कबूल आहे. पण उन्हाळा सरेपर्यंत बयाणा हातात पडला नाही तर शेजारचा गाद्यावाला टपलेलाच आहे. तो हल्ली दिवसातून दोनदा माझ्या भिंतीला हात लावून जातो. बयाण्यापुरती पुंजी आमच्याकडे होती. पण मला वाटलं, बयाण्यावर का थांबायचं? शेअर बाजारात घालून अख्खी किंमतच उभी करू. खातं हिच्या नावावर काढलं, कारण माझ्या नावावर काढलं असतं तर बँकेतल्या त्या चष्मेवाल्याला सुगावा लागला असता. तो मला पासबुक देताना नेहमी एक क्षण जास्त धरून ठेवतो.

आता सल्ला कोणाचा घ्यायचा? जिवंत सल्लागारावर माझा काडीचा विश्वास नाही. प्रत्येकाला काही ना काही विकायचं असतं. म्हणून ठरवलं, शिकायचं तर मेलेल्यांकडून. मेलेला माणूस दलाली खात नाही. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात त्या दुकानाच्या माडीवर एक मास्तर असा वर्ग चालवतात. भिंतीवर गेलेल्या नामांकित सटोडियांचे फोटो, आणि रोज एकेकाची युक्ती. (बाजाराची एवढी नाडी कळते तर मास्तरांना माडीचं भाडं द्यायला आमची फी का लागते, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला. तेव्हापासून मला खिडकीजवळ, शेगड्यांच्या वासात बसवतात.) गंमत अशी की मेलेल्यांचंही आपसात पटत नाही. एक म्हणून गेला, भाव चढू लागला की घ्या. दुसरा म्हणून गेला, भाव चढू लागला की विका. दोघेही गडगंज होऊन मेले.

त्यातल्या एकाची युक्ती मला पटली: शेजाऱ्याने जे केलं त्याच्या बरोब्बर उलट करायचं. वर्गात माझ्या शेजारी एक निवृत्त कंपाउंडर बसतो. तो काय घेतो यावर मी डोळा ठेवला. तो काहीच घेईना. मी वाट पाहिली. बाजार वर गेला, तो गप्प, म्हणून मीही गप्प. पुढे कळलं की तोही त्याच युक्तीचा, आणि त्याचा डोळा माझ्यावर होता. असे आम्ही दोघे एकमेकांकडे तिरके बघत बसलो आणि बाजार आमच्या नाकासमोरून निघून गेला. शेवटी मी मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं, एका सिमेंट कंपनीचे शेअर घेतो म्हणून पुटपुटलो. तो पळत जाऊन त्याच्याकडचं सिमेंट विकायला लागला, ते पाहून मीच घाबरलो आणि युक्तीप्रमाणे विकत घेतलं. सिमेंट आपटलं. पुंजीचा एक लचका गेला, अक्का, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुकान हातचं जातं की काय असं पहिल्यांदा वाटलं.

मग मास्तरांनी ‘वाघा’चा धडा घेतला. वाघ म्हणजे आपल्याच गावचा जुना सटोडिया, नुकताच वारला. बाजार कोसळो की गगनाला भिडो, या माणसाने आयुष्यभर एक शेअर विकला नाही. काय तो संयम! मास्तरांनी फोटोला हात जोडले. मी मनात म्हटलं, इतका संयम माणसाला असत नाही, पाणी मुरतंय. आणि योगायोग बघ (योगायोगावर माझा विश्वास नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही), त्याच आठवड्यात वाघाच्या बायकोचं बोलावणं आलं. तिजोरी गंजली होती, किल्ली फिरेना.

तेल सोडून, ठोकून दार उघडलं. आत जुन्या शेअरांचे गठ्ठे. मी सहज वाघाच्या संयमाची स्तुती केली. म्हातारी शांतपणे म्हणाली, “कसला संयम? ते कागद दिल्याशिवाय तेव्हा विकता येत नव्हतं, आणि किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात होती. रोज मागायचे. मी म्हणायचे, सापडत नाही.”

मी विचारलं, मग कुलूपवाल्याला का बोलावलं नाही? तर म्हणे, तो दुसरी किल्ली करून ठेवील अशी त्यांना धास्ती. या एका गोष्टीवरून मात्र माझा वाघाबद्दलचा आदर दुणावला. बाहेर लाजेखातर तो सांगत राहिला की न विकणं हे आपलं तत्त्व आहे, आणि तत्त्वाने त्याला श्रीमंत केलं.

मी घरी आलो आणि शेअर ज्या मोबाइलवर आहेत तो मोबाइलच लोखंडी पेटीत घातला. कुलूप माझ्या हातचं, मलाही उघडणार नाही असं. किल्ली घरात ठेवली तर मी शोधणार, हिला दिली तर ही दयेपोटी देणार. तेव्हा तू आठवलीस. लहानपणी माझ्या गोट्या ‘सांभाळायला’ घेतल्यास, त्या अजून परत आल्या नाहीत. इतका पक्का माणूस आपल्या घराण्यात दुसरा नाही.

भाऊजींना नमस्कार. पत्र वाचून फाड, आणि तुकडे एका जागी टाकू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. मी कितीही गयावया केली, आजारी असल्याचं कळवलं, तरी किल्ली देऊ नकोस.

ता. क. वरचं रद्द समज. गाद्यावाला आज शीळ घालत होता, म्हणजे बाजारात काहीतरी झालंय. किल्ली उलट टपाली पाठव. गोट्याही पाठवल्यास तर बरं.

ता. क. वन्सं, नमस्कार. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी. तो दुसरा डिंक माझा, तुमची पत्रं मी आधी वाचते. पेटीला कुलूप लागलं त्याच दुपारी बँकेतल्या चष्मेवाल्यांना गाठून सगळे शेअर विकले. खातं माझ्याच नावावर आहे. कमी पडले तेवढे माझ्या डब्यातले घातले. बयाणा मालकाच्या हातात पडला, दुकान आपलंच राहील. यांना उन्हाळा सरला की सांगेन, तोवर संयम पाळतोय या समाधानात झोप छान लागते यांना. हे मेलेल्यांकडून शिकले. मी त्या म्हाताऱ्या बाईंना जाऊन भेटले. त्या चांगल्या धडधाकट आहेत आणि दलालीही घेतली नाही. तेव्हा किल्लीचं उत्तर एवढंच लिहा, की सापडत नाही.