थोरलीचा तुकडा

कीलुंग
१२ नोव्हेंबर २०२३, रविवार

प्रिय आ-तेह भाऊजी,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना दुसरं काम तरी काय आहे! इथे नेहमीसारखी पावसाची रिपरिप, चार दिवस झाले तरी कपडे वाळत नाहीत. तुमच्याकडे ताइतुंगला सीताफळांची तोड सुरू झाली असेल, म्हणजे हे पत्र कात्रीशेजारी दोन दिवस पडून राहणार, हे धरूनच लिहितेय. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि मी घाबरून हवामान सांगायला लागते.

बातमी अशी की टाकी बदलली. तुम्ही आणि तुमच्या दादांनी मिळून बांधलेली सहा फुटी समुद्रटाकी आता या घरात नाही. आधी एक विचारून घेते. तुम्ही नेलेला थोरलीचा तुकडा अजून आहे ना? नववर्षाला तुमच्या लेकीनं फोटो पाठवला होता. तिच्या मागे, कोपऱ्यात, मला टाकीच्या दिव्यासारखा निळा उजेड दिसला. मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला, पण तिचं डोकं मध्ये येत होतं.

असो. टाकीचं सांगते.

उन्हाळ्यापासून डाव्या कोपऱ्यातला सांधा पाझरत होता. मी रोज सकाळी फडकं बदलायचे आणि स्वतःलाच सांगायचे, घामच आहे. मग खालच्या मजल्यावरच्या कुओबाई आल्या. त्यांच्या छताला ओल आली होती. "सू-मिएन, तुझा समुद्र माझ्या देव्हाऱ्यावर ठिबकतोय," म्हणाल्या. "माझ्या पूर्वजांना पोहता येत नाही गं!" फांगशेठला बोलावलं. तोच तो, बंदराजवळचा मत्स्यालयवाला. आता टक्कल पडलंय, पण बडबड तशीच. त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, वीस वर्षं उभी राहिली ही. तुम्ही-आम्ही तरी कुठे धड उभे आहोत?"

नवी टाकी चार फुटी घेतली. एकटीला तेवढीच झेपते.

गुरुवारी फांगशेठ, त्याची बायको आणि दोन माणसं सकाळी आठलाच आली. घरातली यच्चयावत पातेली, बादल्या, टोपल्या कामाला लागल्या. जुनं पाणी पिंपांत भरून ठेवलं, कारण नव्या घरी ओळखीचं पाणी लागतं. दगड ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळले. पिवळा मासा शेवटपर्यंत हाती लागेना. त्याला तुम्ही 'टॅक्सी' नाव ठेवलं होतं, आणि हवी तेव्हा मिळेल तर ती टॅक्सी कसली! शेवटी फांगशेठची बायको ओरडली, "अहो, मीटर चालू करा, आपोआप येईल!" सगळे हसले. घरात इतकी माणसं हसलेली मी दोन वर्षांत ऐकली नव्हती.

थोरलीला मी आंघोळीच्या टबात ठेवलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सहा तास होती तिथे. मी लग्नापासून कधी इतकी निवांत न्हाले असेन असं वाटत नाही. मी टबाच्या काठावर बसून राहिले, फांगशेठ हाका मारत होता तरी.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. आमच्या लग्नाच्या महिनाभर आधी तुमच्या दादांनी तिला तेव्हाच्या छोट्या टाकीत आणून लावलं, प्रवाळाचा नखाएवढा कोंब होती. हिरवी बोंडं, टोकाला गुलाबी. मी घरात पाऊल टाकलं तर मला आधी तिच्यापुढे नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "ही आधी आली, म्हणून ही थोरली. तू धाकटी." तुम्ही मागे उभे राहून खिदळत होता. मी रागानं लाल झाले होते आणि त्यांना वाटलं, लाजले. तेवीस वर्षांत ती मोठ्या परातीएवढी झाली. पाण्याच्या झोतात अशी डुलायची की भांडायला आलेला माणूसही खुर्ची ओढून बघत बसायचा. तुमचे दादा मागेल त्याला तिचा तुकडा कापून द्यायचे. मी म्हणायचे, वाटा सगळं, मलाही वाटून टाका. ते म्हणायचे, "अगं, दिला तोच आपला राहतो. उद्या आपल्याकडची मेली, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून परत आणता येते. या छंदात हाच एक विमा." तुम्ही ताइतुंगला गेलात तेव्हा माझा सूपचा थर्मास रिकामा करून त्यात तुमच्यासाठी तुकडा घातला होता. तो थर्मास काही परत आला नाही, हे या निमित्तानं सांगून ठेवते.

आणि हो, तुमचा चष्मा सापडला! टाकी बांधताना हरवलेला, काळ्या काड्यांचा. वीस वर्षं मोठ्या दगडाखाली होता. त्यावर गुलाबी चुना चढलाय, एक काच शाबूत आहे. तुम्ही त्या वेळी दादांवर आळ घेतला होता की मुद्दाम लपवला. तेवढ्यापुरते ते निर्दोष निघाले. सोबत पाठवतेय.

जेवणाची वेळ झाली. उरलेलं उद्या.

१३ नोव्हेंबर

काल रात्रीसाठी म्हणून शेवया केल्या होत्या, त्या तशाच पडल्या आहेत. भाऊजी, मी पहिल्या ओळीत लिहिलं, कुणी गेलेलं नाही. ते खरं नाही.

थोरली गेली. शुक्रवारी सकाळी.

फांगशेठ कामात चोख आहे, त्याचा काडीचा दोष नाही. जाताना त्यानं मला दोनदा बजावलं होतं, "बाई, जुनी वाळू टाकून द्यायची. वीस वर्षांची घाण खाली दडपलेली आहे. ती ढवळली की विष सुटतं. नवी वाळू घातलीय, तिच्यावर समाधान माना." मी मान डोलावली. वाळूची सगळी पोती त्याच्या माणसांनी खाली नेली. एक बादली मी मोरीच्या दाराआड सरकवून ठेवली होती.

कारण ती आईंनी धुतलेली वाळू होती.

तुम्ही होता तेव्हा घरी. टाकी बांधून झाली, वाळूची पोती आली आणि तुम्ही दोघं भाऊ नळाखाली बादली धरून नुसता चिखल करत होता. आई नववर्षासाठी येऊन राहिल्या होत्या. त्यांनी तुम्हाला दोघांना हाताला धरून उठवलं. "ज्यांना तांदूळ धुता येत नाहीत ते वाळू काय धुणार!" म्हणत गॅलरीत पाट मांडून बसल्या, तांदळाची रोळी घेऊन. तीन दिवस मूठमूठ वाळू धूत होत्या. पाणी अगदी नितळ निघाल्याशिवाय पुढची मूठ घेतली नाही. त्यांची बोटं सुरकुतून पांढरी पडली होती. मी म्हटलं, आई, पुरे. तर म्हणाल्या, "माझ्या मुलाचे मासे त्यावर निजणार आहेत."

ती वाळू मला कचऱ्यात टाकता येईना. फांगशेठ पाच वाजता गेला. मी बाही वर केली आणि ती बादली माझ्या हातानं नव्या टाकीत ओतली. पाणी थोडं गढुळलं. वाटलं, बसेल खाली. सकाळी खोलीचं दार उघडलं तर कुजलेल्या अंड्याचा वास. टॅक्सी पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकत होता. फांगशेठ धावत आला, पाणी बदललं, मासे वाचले. थोरलीचा मात्र नुसता शेंबूड झाला होता. सांगाड्यावरून ओघळत होता.

तो बिचारा चार दिवस स्वतःलाच दोष देतोय. "पाण्यात घातलेल्या माझ्या मिठात खोट असणार, बाई." मी मूग गिळून बसले. त्यानं विचारलं, कुणाला तुकडा दिला होता का? मी म्हटलं, कुणालाच नाही.

तुमच्या दादांनी अकरा जणांना दिले होते. मी दहा जणांना विचारलं. कुणी टाकी मोडली, कुणाची मेली, एक जण स्वतःच गेला. फांगशेठला तुमचं नाव सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग मागा की! आणि तुमच्यापुढे हात पसरण्याआधी मला तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. आठ वर्षं सांगितली नाही.

आई घसरून पडल्या आणि त्यांना एकटं ठेवणं शक्य राहिलं नाही, तेव्हा आमच्याकडे एकच जास्तीची खोली होती आणि तीत टाकी होती. बाबांची समाधी सोडून तुमच्याकडे यायला आई तयार नव्हत्या. मग वृद्धाश्रम. तुम्ही आलात आणि आश्रमाच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत ओरडलात, "माशांना पाणी गार ठेवायचं यंत्र, आणि आईला सहा जणींच्या खोलीत एक खाट!" दादांनी खाली मान घातली. त्यानंतर तुम्ही या घरी आलात ते थेट त्यांच्या अंत्यविधीला. उदबत्ती लावलीत, टाकीकडे बघून "ही अजून आहे?" म्हणालात आणि न जेवता गेलात.

ते दादांनी ठरवलं नव्हतं, भाऊजी. आईंना आश्रमात न्यायच्या आठवडाभर आधी ते मला म्हणाले, "मी टाकी काढतो. फांगशेठशी बोललोय, तो सगळं घेऊन जाईल. आईची खाट तिथे लावू." मी म्हटलं, "नको. तुमचा जीव आहे त्यात." बारा वर्षं त्या टाकीच्या नावानं बोटं मोडणारी मी! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कळलं त्यांना. मी आईंना नको म्हटलं नाही, टाकीला हो म्हटलं.

माझ्या आईचं सात वर्षं केलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा त्या रात्री, ती भांडी, तो वास. मला भीती वाटली. एवढंच कारण आहे, याहून चांगलं नाही. आणि तुमच्या दादांनी तुमचे शिव्याशाप माझ्या वतीनं ऐकून घेतले. शेवटच्या दिवसांत मी म्हटलं होतं, आ-तेहला खरं सांगून टाका. ते म्हणाले, "तू सांग, तुला जमेल तेव्हा." मला ते गेल्यावर दोन वर्षांनी जमतंय, तेही गरज पडली म्हणून. हे मला समजतं.

आई आश्रमात चौदा महिने होत्या. दर रविवारी विचारायच्या, "थोरली बरी आहे ना गं?" मी सांगायचे, बरी आहे.

आता मागते. अंगठ्याएवढा तुकडा पुरेल. नव्या टाकीत मधला दगड मी रिकामा ठेवलाय, तिथे दुसरं काही लावणार नाही. फांगशेठला उद्या दुकानात जाऊन वाळूचं सांगणार आहे. तुकडा देणार नसाल तरी मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. द्यायचा ठरवलात तर पार्सलनं पाठवू नका, घेऊन या. पाणी मी ढवळत नाही आता, सगळं निवळलंय.

आणखी एक. टाकी लहान झाल्यानं खिडकीकडची भिंत मोकळी झाली. शनिवारी मी टेप घेऊन मापलं आणि तिथे खाट लावली, तुम्ही आलात तर असावी म्हणून. टाकी तिच्या जागी राहून खाट व्यवस्थित मावते. मध्ये खुर्चीसुद्धा बसते.

टाकी दोन फुटांनी लहान केली असती, तर तेव्हा आईंचीही मावली असती.

तुमच्या उत्तराची नाही, तुमची वाट बघणारी,
तुमची वहिनी
सू-मिएन
(या घरात आता धाकटीच तेवढी उरली आहे.)