काढलेले पाटे

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. १४ नोव्हेंबर २००३

कुणाला विचारून तू त्या मऊ स्प्रिंगा सांगून ठेवल्यास? दिवाळीत मी गल्लीत उभी राहून म्हटलं, "गाडी हाय का भाताची गिरण, माझी हाडं सोलून निघाली," तर ते एवढं मनावर घ्यायचं? माझं तोंड असलंच हाय, ते तुला जन्मापासनं ठाऊक. मी दिवसाला शंभर गोष्टी बोलते. त्यातली नेमकी हीच ऐकायची बुद्धी तुला कुठनं झाली?

चि. शशिधर यास आज्जीचा आशीर्वाद. वर्षाराणीलाही. मी बरी हाय. गुडघे दुखत्यात, ते दुखायचेच.

अक्षर बघून घाबरू नकोस. एरवी मी सांगते आणि तुझी आई लिहिती. ती डोहाळजेवणाला तुमच्याकडं पुण्यात, म्हणून माझं मीच लिहितीय. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यातलं पण निम्मं वर्ष शेण गोळा करण्यात गेलं. फोन करणार होते. पण फोन तुझी आई उचलती, आणि तू असलास तर "हां आज्जी, हां आज्जी" करून ठेवून देतोस. कागदावर तुला मला मधनं तोडता यायचं न्हाय.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ती दोन दारांची लाल गाडी आधीच्या मालकानं रुबाबासाठी खाली बसवलेली, स्प्रिंगांचे वेढे कापून, म्हणून खड्ड्यात दगडासारखी आदळती. हे समजलं. आता तुझ्यापुढं दोन वाटा. एक, तुझ्या दोस्ताच्या गॅरेजातल्या मऊ स्प्रिंगा, आठवड्यात बसतील. दुसरी, स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकमेकांना जुळवलेला पुरा संच, तो यायला दोन महिने. आणि वर्षाराणीला बाळंतपणासाठी जयसिंगपूरला तिच्या माहेरी सोडायचंय, सामानासुमानासकट, म्हणून तू पहिली वाट धरलीस. वर लिहितोस, "आज्जी, पाळण्यागत करतो बघ गाडी."

पाळणा जागच्या जागी हलतो, बाबा. त्याला वळण घ्यायचं नसतं.

तुझ्या आज्जांनी जन्मभर पाटे केले. आधी टांग्यांचे, मग ट्रकांचे, जिपांचे. तुझ्या गाडीला जिथं स्प्रिंग हाय तिथं तेव्हा पाटे असायचे, पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीवर एक बांधलेल्या. भाता मी ओढलाय, तेव्हा मला शिकवू नकोस. पाटे बसवले की आज्जा मागच्या बाकावर काठोकाठ ताकाचा तांब्या ठेवायचे आणि रंकाळ्याला फेरी मारून यायचे. ताक सांडलं की पाटे परत खाली. पण तेवढ्यावर भागायचं न्हाय. मग तीच गाडी पोत्यांनी भरून पुन्हा तोच फेरा, वळणावर जरा दाबून. म्हणायचे, "शांतव्वा, मोकळी गाडी गोडच बोलती. खरं काय ते भरल्यावर कळतं." आणि म्हणायचे, दबलेला पाटा वर येताना दमानं आला पायजे, न्हाईतर बसणारा उसळतो. तुझा तो शॉकअब्सॉर्बर तेच काम करतो न्हवं? मग जुना, दमलेला शॉकअब्सॉर्बर तसाच ठेवून नुसती स्प्रिंग मऊ केलीस तर गाडी झुलंल. आराम म्हणजे झुलणं न्हाय.

दूध बघून येते.

आले. दूध अजून तापलं पण न्हवतं, उगीच उठले. आज सकाळपासनं असंच चाललंय. बसते, उठते, दाराची कडी बघते, परत बसते. एक ओळ लिहायची आणि चूल पुसायची.

गणपतराव गेला. तुला कळवलं न्हाय. आज्जांच्या हाताखालचा जुना कारागीर, तुला लहानपणी खांद्यावर घेऊन फुटबॉल बघायला न्यायचा तोच. दिवाळीनंतर आठव्या दिवशी गेला. मी भेटायला गेलते, तर त्याची लेक म्हणाली, "आबा शेवटी एकच घोकत होते. वहिनींना विचारा, वहिनींना विचारा. काय विचारायचं हो, वहिनी?" मी म्हटलं, "म्हातारपणी माणूस काय बी बडबडतंय." आणि चहा न घेता घरला आले.

काय विचारायचं ते तिला ठाऊक न्हाय. मला हाय. आता मला एकटीलाच हाय.

सत्त्याहत्तर साल. तू तुझ्या आईच्या पोटात, आठवा लागलेला. तुझा बाप शिवपुत्र जीपनं पोती वाहायचा, म्हणून जिपेचे पाटे दणकट, एकेका बाजूला नऊ-नऊ. महानंदाला, तुझ्या आईला, माहेरी नेसरीला सोडायची होती. ती जिपेत रंकाळ्यापर्यंत बसून आली आणि पोट धरूनच उतरली. मला ते बघवलं न्हाय. बघवलं न्हाय म्हणजे दया आली असं समजू नकोस. पाटेवाल्याच्या घरची सून आणि असली गाडी, नेसरीचे लोक काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात.

आज्जा तेव्हा ऑपरेशन होऊन मिरजेला पडलेले. मी गणपतरावला सांगितलं, दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढ. तो म्हणाला, "वहिनी, मालकांना विचारल्याबिगर हात लावणार न्हाय." मी म्हटलं, "मालकांनीच मिरजेहनं निरोप धाडलाय." खोटं बोलले. त्याच्या डोळ्यांत बघून बोलले. शिवपुत्रला मी एवढंच सांगितलं की पाट्यांना ग्रीस घालून घेतलंय. खरं सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता. त्याला पाटे कळत होते.

ताकाचा तांब्या मी स्वतः ठेवला. एक थेंब सांडला न्हाय. तुझी आई म्हणाली, "आत्ती, पोटातलं पाणी हललं न्हाय." गल्लीभर सांगत फिरले मी. दुसरा फेरा मारला न्हाय, भरलेल्या गाडीचा. गरजच काय, सूनच तर न्यायची होती.

ती नेसरीला सुखरूप पोचली. येताना व्याह्यांनी तांदळाची आठ पोती घातली. आठ पोती शिवपुत्र नेहमीच घालायचा, त्यात नवं काय न्हवतं. उतारावरच्या वळणाला जीप एका अंगाला बसली, ती परत उठलीच न्हाय.

त्याला घरी आणला तेव्हा दारात ही गर्दी. कुणीतरी विचारलं, कसं काय झालं? पहिल्यांदा कोण बोललं ठाऊक हाय? मी. म्हटलं, "वाऱ्यासारखी मारायचा गाडी, ऐकायचा न्हाय कुणाचं." माझा पोरगा, शशिधर, बैलगाडीच्या मागनं मैलभर गपगुमान जायचा, बैल बुजतील म्हणून हॉर्न वाजवायचा न्हाय. आणि आज्जा मिरजेहनं यायच्या आत मी जीप मोडीत घालायला लावली. गणपतरावला म्हटलं, बोललास तर तुझ्या हातानं झालंय. तो सव्वीस वर्षं बोलला न्हाय. आज्जा गेले, त्यांनाही कळलं न्हाय.

तुझी आई अजून माझं तेच वाक्य धरून बसलीय. पोटुशी बाईल माहेरी टाकली आणि वेगाच्या नादात गेला, असं म्हणती. त्याचा फोटो तिनं ट्रंकेत घातला, तो तू कधी भिंतीवर बघितलायस? तू लाल गाडी आणलीस तेव्हा म्हणाली, "गेला बापाच्या वळणावर." दिवाळीत तू चल म्हणालास तरी तुझ्या गाडीत बसली न्हाय, यष्टीनं पुण्याला गेली. हे सगळं होत होतं तेव्हा मी समोर बसून मेथी निवडत होते. जे तोंड कधी मिटत न्हाय ते तेव्हा मिटलेलं.

आता मी जे सांगते ते कर. त्या मऊ स्प्रिंगा उद्याच्या उद्या नको म्हणून कळव. दोस्त रुसला तर रुसू दे. दोन महिने लागले तरी जुळवलेला संचच घे. रुबाबाचे पातळ टायर काढ आणि जाड कडेचे घाल, निम्मा आराम तिथंच मिळतो. गाडी तयार झाली की आधी मोकळी चालवून बघ आणि मग भरून बघ. वळणावर दाबून बघ, एकट्यानं, रिकाम्या रस्त्यावर. तोवर वर्षाराणीला रेल्वेनं आण. जयसिंगपुरात गाडी थांबती, स्टेशनातनं तिच्या घरला रिक्षा मिळती. गाडी पूर्ण झाल्यावर मला ने नेसरीला. मला तो उतार बघायचाय, सव्वीस वर्षांत मी तिकडं फिरकले न्हाय. ताकाचा तांब्या मी मांडीवर घेऊन बसंन.

ते चार पाटे माळ्यावर हायत, गोणपाटात. विळे करायला दिले न्हाईत, मोडीत घातले न्हाईत. का ते मला विचारू नकोस.

हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखव. मधलं काय गाळायचं न्हाय, माझी बाजू घ्यायची न्हाय. ती ऐकता ऐकता उठून गेली तर जाऊ दे, परत आल्यावर तिथनं पुढं वाच. ती मला शिव्या देईल, तर त्या मला कळू देत. ती या घरी परत येणार का तुझ्याकडंच राहणार, हे पण तिचं तिनंच ठरवायचं.

तुझी आज्जी,
शांतव्वा

उत्तर तू लिहायचं न्हाय. महानंदानं लिहायचं. कोरा कागद घातला तरी चालंल, पण पाकिटावरचा पत्ता तिच्या हातचा पायजे.